वॉचमनची जात कळली आणि कमिटीतले सात हात वर गेले

मधुमालती (सोमवार, रात्री १०:१२)

थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमची सोसायटी घोडबंदर रोडला. चार विंग, एकशे बारा फ्लॅट. दिवाळीनंतरच्या तीन आठवड्यांत दोन घरफोड्या झाल्या. एका घरातून रोख आणि बांगड्या गेल्या, दुसऱ्यातून लॅपटॉप. दोन्ही वेळा भरदुपारी, घरात कोणी नसताना. पोलीस येऊन पंचनामा करून गेले. बी विंगच्या जिन्यातला कॅमेरा मे महिन्यापासून बंद आहे हे तेव्हा कळलं.

रात्रपाळीला आमच्याकडे एक वॉचमन आहे, दीड वर्ष झालं. तिशीचा असेल, कामाला चोख. गेल्या आठवड्यात गेटवर बसून घरी फोनवर बोलत होता. भाषा ऐकायला गुजरातीसारखी, पण गुजराती नव्हे. ए विंगमधल्या एका काकांचं बालपण खेड्यात गेलंय, त्यांनी ती ओळखली आणि कमिटीच्या ग्रुपवर टाकलं, "हा पारधी आहे. आमच्याकडे यांना वेशीच्या आत उभं करत नसत."

रविवारी मीटिंग, विषय 'सुरक्षा'. पंधरा मिनिटांत ठराव झाला की एजन्सीला सांगून माणूस बदलून घ्यायचा. सात जणांची कमिटी, सात हात वर. त्यातला एक माझा.

घरफोड्या दुपारी झाल्या आणि तो रात्री असतो, हे मला घरी जाताना लिफ्टमध्ये आठवलं.

आता प्रश्न. एखाद्या गटात गुन्ह्याचं प्रमाण खरंच जास्त आहे असं घटकाभर धरू. त्या गटात जन्मला एवढ्यावरून माणसाची नोकरी काढून घेणं ही खबरदारी की शिक्षा? खबरदारी असेल तर मला झोप का येत नाहीये? शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितेय.

---

रोमातला_राजा (रात्री १०:१९)

दुपारच्या चोरीला रात्रीचा वॉचमन! तुमच्या कमिटीला कॅमेऱ्याआधी एक घड्याळ घेऊन द्या.

---

तिखट_तर्री (रात्री १०:२१)

तर्री गरम आहे, पाव आणायला पाठवलंय. येऊ द्या प्रतिसाद.

---

कोपरीकाकू (रात्री १०:५८)

मधुमालती, तू काही पाप केलेलं नाहीस. इथे आता सगळे तुला धुवायला येतील, म्हणून आधीच लिहून ठेवते.

माझं मंगळसूत्र भर सकाळी भाजी घेताना खेचलं. मानेवरचा वळ आठ दिवसांत गेला, पण अजून मागून बाइकचा आवाज आला की हात गळ्याशी जातो. हेल्मेट घातलेले दोघे एका गाडीवर दिसले की मी फुटपाथच्या आतल्या बाजूला सरकते. त्यांच्यातले बहुतेक ऑफिसला जाणारे असणार, मला काय कळत नाही? तरी सरकते. तो त्यांच्यावर अन्याय होत असेल तर होऊ दे.

एकशे बारा घरं आहेत तुमची. म्हातारी माणसं दुपारी एकटी असतात. वॉचमनला दुसरीकडे नोकरी मिळेल.

---

येऊरची_वाट (रात्री ११:१५)

काकू, तुमच्या सरकण्याबद्दल कोणी ब्र काढणार नाही. पण तुम्ही आत सरकलात तेव्हा त्या दोन पोरांचं काय गेलं? काही नाही, त्यांना पत्ताही लागला नाही. तुमच्या भीतीचा खर्च तुम्ही स्वतः भरलात, चार पावलं चालून.

मधुमालतीच्या सोसायटीत भीती एकशे बारा घरांची आणि बिल एकट्या माणसाच्या नावावर. मला फरक तिथे दिसतो. जाळ्या बसवा, दुपारी जास्तीचा माणूस ठेवा, कॅमेरा दुरुस्त करा, मेंटेनन्स वाढवा. ती खबरदारी, तिचा भार सगळे उचलतात. सगळ्यांच्या निश्चिंतीसाठी एकाच्या घरची चूल विझवायची आणि त्याने त्यासाठी काहीही केलेलं नसायचं, याला तुम्ही खबरदारी म्हणा. त्याच्या बाजूने ती शिक्षाच.

---

सानपाडा_ते_सीएसटी (मंगळवार, सकाळी ७:४०)

लोकलमधून लिहितोय, शुद्धलेखन माफ.

वाट, पटतंय आणि नाहीही. साठी ओलांडली की मेडिक्लेमचा हप्ता वाढतो. माझे वडील रोज तलावपाळीला पाच फेऱ्या मारतात, आयुष्यात ॲडमिट झालेले नाहीत, तरी त्यांना 'गटाचा' हप्ता. तिथे कोणी मोर्चा काढत नाही. गटावरून अंदाज बांधल्याशिवाय जग चालतं का?

---

गणितवेडा (सकाळी ९:०५)

माझा विषय निघालाच आहे तर.

आकडे माझ्या मनातले आहेत, कुठे पुढे पाठवू नका. समजा 'अ' गटात हजारात एक चोर आहे आणि 'ब' गटात हजारात पाच. पाचपट! व्हॉट्सॲपवर लाल अक्षरांत फिरेल असा आकडा. आता 'ब' गटातल्या कुणा एकाला त्याच्या गटामुळे काढलंत तर हजारातल्या ९९५ वेळा तुम्ही निर्दोष माणूस काढलात. बदल्यात सोसायटीचा धोका किती घटला? हजारात पाचवरून हजारात एकवर, म्हणजे ०.४ टक्के. 'पाचपट' आणि '०.४ टक्के' ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. मीटिंगमध्ये पहिलंच बोललं जातं.

दुसरं. गटाची सरासरी ही माणसाबद्दल काहीच माहीत नसतं तेव्हाची काठी आहे. या माणसाची दीड वर्षाची हजेरी तुमच्याकडे आहे. साडेपाचशे रात्री तुमच्या गाड्या, तुमची दारं त्याच्या भरवशावर होती. एवढी माहिती हातात असताना ती टाकून जातीच्या सरासरीकडे जाणं म्हणजे उजेडात डोळे मिटून चाचपडणं.

सानपाडा, हप्त्याचं उदाहरण चांगलं आहे, पण वय सगळ्यांनाच गाठतं. आज तुमचे वडील, उद्या तुम्ही. जात तशी फिरत नाही.

---

राइनकाठचा_ठाणेकर (सकाळी ११:३०, म्हणजे इथली पहाट)

विम्यावरून आठवलं. इकडे युरोपियन न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला की बाई आहे की पुरुष यावरून हप्ता वेगळा लावायचा नाही. २१ डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. तोवर तरुण पोरींना गाडीचा विमा स्वस्त असायचा, कारण अपघातांचे आकडे तरुण पोरांच्या नावावर जास्त. आकडे खोटे आहेत असं कोर्ट म्हणालंच नाही. आकडे खरे असले तरी या आधारावर भेद नको, एवढंच.

निकालाने माझ्या बायकोचा हप्ता वाढला. ती समतेवर अजून खवळलेली आहे.

---

रोमातला_राजा (सकाळी ११:४४)

स्त्री-पुरुष निघालंच आहे तर, आपल्या तुरुंगांत बायका किती? शंभरात साधारण चार. उरलेले शहाण्णव आपण. आकड्यांवरच जायचं असेल तर पारधी, बॅचलर, डिलिव्हरीवाले हे सगळं राहू द्या, उद्यापासून रात्री दहानंतर प्रत्येक पुरुष घरात. कुलूप बाहेरून.

---

कोपरीकाकू (सकाळी ११:५०)

अनुमोदन! :)

---

सोलापुरी_चादर (दुपारी १:२०)

डबा खाता खाता टंकतोय. मी मूळचा सोलापूरचा, आता खारघरला.

या धाग्यावरचा प्रश्न नवीन नाही. सरकारने तो एकदा सोडवून दाखवला आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. आधी उत्तरेकडे, १९११ पासून सगळ्या ब्रिटिश मुलखाला. जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाली की तिच्यातल्या माणसांची नावं रजिस्टरात. पोलिसांकडे हजेरी. गाव सोडायचं तर पास. पाळण्यातल्या पोरावरही तोच शिक्का, का, तर हे लोक पिढीजात गुन्हेगार. सुताराचा पोर सुतार, तसा चोराचा पोर चोर, असा साहेबांचा हिशेब. आपल्या जातिव्यवस्थेतूनच शिकले आणि आपल्याच माणसांवर उलटवलं. सोलापुरात या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. रिक्षावाल्याला सांगा, नेऊन सोडेल.

मुंबई प्रांताने १९४९ ला कायदा काढला, देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. त्या लोकांचा १५ ऑगस्ट ३१ ऑगस्टला येतो, विमुक्त दिन म्हणतात त्याला. लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडचा १९५९ चा. त्यात जातीचं नाव नाही, पण पोलीस ठाण्यातली नजर तीच राहिली. चोरी झाली की पहिली गाडी पालावर.

पारध्यांचा मूळ धंदा शिकार, फासे लावून तितर-ससे पकडणं. १९७२ ला वन्यजीव कायदा आला आणि तोही गुन्हा झाला.

---

तळ्यावरचा_गणपती (दुपारी १:५५)

चादरराव, मस्त. भर घालतो. इंग्रजांना ही गटाने हाणायची हौस फार. १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, मारणारे दोघे-तिघे. साहेबाने पुण्यात जादा पोलीस आणून बसवले आणि खर्च पुणेकरांच्या माथी. अख्खं शहर वर्गाबाहेर अंगठे धरून उभं.

ते आपल्याला शाळेत 'जुलूम' या मथळ्याखाली शिकवलं. तीच गोष्ट सोसायटीच्या लेटरहेडवर केली की 'ठराव'.

---

भाषाभगिनी (दुपारी २:३०)

थोडं अवांतर. आपल्या मराठीनेच किती ठराव केलेत बघा. 'भामटा' हा शब्द आपण सहज वापरतो. ठाण्याच्या पुरवणीत दर दोन दिवसांनी 'भामट्याने वृद्धेला गंडा घातला'. भामटा हे एका जमातीचं नाव आहे, महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही आहे. त्या घरातलं पोर शाळेत वर्तमानपत्र वाचत असेल तर काय वाचत असेल?

आणि रामोशी. गावोगाव रात्रीची राखण रामोशांकडे असायची, गडांवर पहारा त्यांचा. पुढे तेही याच यादीत. उमाजी नाईकांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिलं, ते रामोशीच. राखणदार चोर ठरवण्याची परंपरा आपल्याकडे तुमच्या वॉचमनपेक्षा बरीच जुनी आहे.

---

पाऊणशहाणा (दुपारी ३:१०)

सगळे एका सुरात गायला लागले की मला खोकला येतो.

इतिहास मान्य, अन्यायही मान्य. पण अन्याय झाल्यामुळे गुन्ह्याचं प्रमाण शून्यावर येत नाही, उलट वाढतं. जमीन नाही, शाळा नाही, शिकार बंद, मग माणूस करणार काय? हे तुम्हीच सांगता आणि त्या कारणाचा परिणाम कोणी बोलला की त्याला जातीयवादी म्हणता. दोन्ही कसं चालेल? एखाद्या वस्तीत चोऱ्या जास्त होत असतील तर पोलिसांनी मुद्दाम दुसरीकडे बघायचं का?

आणि गट म्हणजे जातच असं नाही. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा आपला कायदा, १९९९ चा, तो टोळीवरच बेतलेला आहे. ते चालतं ना?

---

काळाकोट (दुपारी ४:०२)

पाऊणशहाणे, टोळीत माणूस जातो, जमातीत जन्मतो. मोक्का लावायला टोळीची सततची बेकायदा कृत्यं दाखवावी लागतात, मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं लागतात. नुसती टोळक्याशी ओळख आहे म्हणून लागला तर आम्ही कोर्टात उभे असतोच.

तडीपारी घ्या, ठाणेकरांना शब्द पाठ आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ५६. हा शिक्षेपेक्षा खबरदारीचाच प्रकार. तरी ज्याला जिल्ह्याबाहेर घालवायचं त्याला आधी नोटीस, आरोप काय ते कळवायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, आणि मुदत फार तर दोन वर्षं. म्हणजे नामचीन गुंडालासुद्धा 'तुझं काय म्हणणं आहे' असं विचारतात. मधुमालतीताई, तुमच्या पंधरा मिनिटांच्या मीटिंगला तो माणूस होता का?

आता कामाचं बोलतो. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कारही गुन्हा झाला. तुमचा ठराव त्यात बसतो का हे कागद बघितल्याशिवाय सांगणार नाही, पण मिनिट्समध्ये आणि ग्रुपवर काय लिहिलंय ते आज रात्रीच बघा. एजन्सीला खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याने गार्डची पूर्वचारित्र्य पडताळणी करावीच लागते. ती झाली असेल आणि कोरी आली असेल, तर सरकार म्हणतंय माणूस स्वच्छ आणि तुम्ही म्हणताय भाषा संशयास्पद.

३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही वाचा. सुकन्या शांता या पत्रकारबाईंची याचिका होती. तुरुंगांत जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य ठरलं, तुरुंगाच्या नियमावल्यांत विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार समजणारे उल्लेख गेले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा म्हणून आदेश झाला. तुरुंगाने काढलेला रकाना सोसायटीने सुरू करू नये.

---

तिखट_तर्री (दुपारी ४:१०)

काळाकोटसाहेबांनी फी न घेता एवढं लिहिलं. धागा वाचनखुणेत टाकला आहे.

---

ऐरोलीगावचा (संध्याकाळी ६:२५)

आमी आगरी. पारध्यांशी तुलना नाही करत, त्यांचं दुखणं मोठं. पन गटाची शिक्षा काय असते ते विचारा आमाला. ज्या जमिनीवर नवी मुंबई हुबी राहिली ती आमच्या आजोबांची भातशेती नि मिठागरं. आता त्याच सेक्टरात भाड्याने घर बघायला गेलो तर एजंट फोनवर बोलतो, "लोकल नको हां, ओनर बोलला." लोकल बोले तर दारू, राडा, ठेकेदारी! मी बँकेत कॅशियर. दिवसभर लोकांच्या नोटा मोजतो. घर काय मिलाला नाय, दुसरीकडं घेतला.

---

सानपाडा_ते_सीएसटी (संध्याकाळी ६:५०)

+१. बॅचलर असताना मला तीन सोसायट्यांनी नाकारलं. कारण विचारलं तर "मुलं पार्ट्या करतात". चौथीने घेतलं, तिथे वरच्या मजल्यावरचं कुटुंब रोज पहाटे दोनपर्यंत पार्टी करायचं. कुटुंब होतं ना, त्यामुळे चालायचं.

---

बटाटेवडा_एकच (संध्याकाळी ७:०५)

मला मासे खातो म्हणून नाकारलं. खाडीकिनारी!

---

संपादक (संध्याकाळी ७:३०)

दोन प्रतिसाद उडवले आहेत. जातिवाचक विनोद इथे चालणार नाहीत. घर भाड्याने मिळण्यावर स्वतंत्र धागा आहे, मूळ विषयाकडे वळा.

---

गणितवेडा (रात्री ८:१५)

वळतो. पाऊणशहाण्यांचा 'प्रमाण' हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही, म्हणून नीट लिहितो.

पहिली गाडी पालावर जाते, असं चादररावांनी लिहिलं. मग पहिली अटकही पालावरच होणार. ती अटक आकड्यात जाते. पुढच्या वर्षी आकडा दाखवून गाडी पुन्हा पालावर. तराजूत धोंडा आपणच टाकायचा आणि वजन जास्त भरलं म्हणायचं. खरं प्रमाण जास्त असेलही, पण या तराजूवर ते कळणार नाही.

हे काम यंत्राला दिलं तर? अमेरिकेत दिलंय. कॉम्पास नावाची प्रणाली आरोपी पुन्हा गुन्हा करील का याचा गुण काढते. २०१६ मध्ये पत्रकारांनी फ्लोरिडातल्या एका काउंटीचे निकाल तपासले. ज्यांनी पुढे गुन्हा केला नाही अशा कृष्णवर्णीयांपैकी साधारण ४५ टक्क्यांना यंत्राने आधी धोकादायक ठरवलं होतं, तशाच गोऱ्यांपैकी २३ टक्क्यांना. कंपनी म्हणाली, आमचा गुण दोन्ही गटांत सारखाच खरा ठरतो. गंमत म्हणजे दोघांचं गणित बरोबर होतं. दोन गटांतलं मूळ प्रमाण वेगळं असलं की हे दोन्ही न्याय एकदम पाळता येत नाहीत, हे नंतर गणितानेच दाखवलं. कोणावर चुकायचं हे आधी माणसांनी ठरवायचं असतं. यंत्र नंतर येतं.

---

पाऊणशहाणा (रात्री ८:४०)

तराजूतला धोंडा मान्य. पण मग सगळे आकडे टाकून द्यायचे? उद्या घरकामाला बाई ठेवताना मी चौकशीच करायची नाही?

---

येऊरची_वाट (रात्री ८:५२)

करा की! तिच्या आधीच्या दोन घरी फोन करून तिच्याबद्दल विचारा. तिच्या जातीबद्दल नको.

---

अनामवीर_२ (रात्री ११:४७)

चार वर्षं रोमात आहे, म्हणजे नुसता वाचतो. आज पहिल्यांदा लिहितोय.

मी कैकाडी. व्हीजेएनटीत, म्हणजे विमुक्त जाती-भटक्या जमातींत येतो, वर चादररावांनी सांगितलेल्या रजिस्टरात आमचीही माणसं होती. आता महापेला एका कंपनीत आहे, टीममध्ये कोणाला माहीत नाही. विचारलंच तर 'ओबीसीसारखं काहीतरी' म्हणून वेळ मारून नेतो.

आठवीत वसतिगृहात होतो. एका मुलाचं घड्याळ हरवलं. सरांनी सगळ्या ट्रंका बघायच्या ठरवल्या, त्यात काही चूक नव्हतं. फक्त म्हणाले, "याची आधी बघू." कोणी मला चोर म्हणालं नाही, कोणी मारलं नाही. माझी ट्रंक सगळ्यांसमोर उपडी केली. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी कागदातून सांडली आणि कपड्यांना लागली. काही सापडलं नाही. मग सर म्हणाले, "बरं, आता झोपा." उरलेल्या एकोणीस ट्रंका कोणी उघडल्याच नाहीत.

ते घड्याळ पुढे सापडलं का, हे मला अजून माहीत नाही. सापडलंही असेल. मला सांगायला कोणी आलं नाही.

पाऊणशहाणेसाहेब, चौकशी करू नका असं मी म्हणत नाही. वीस ट्रंका उघडा, माझी त्यात असू द्या.

---

कोपरीकाकू (बुधवार, सकाळी ६:३०)

अनामवीर, पहाटे वाचलं. काय लिहू कळत नाहीये. चटणी धुवून निघाली का रे कपड्यांतून?

---

अनामवीर_२ (सकाळी ८:१०)

नाही काकू. तेलाचे डाग. वर्षभर घातला तो शर्ट.

---

सोलापुरी_चादर (सकाळी ९:२०)

एक राहिलं होतं. मधुमालतीताईंच्या काकांनी ग्रुपवर टाकलेला मेसेज 'फक्त मेसेज' नसतो, म्हणून लिहितो. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज मोबाइलवर फिरत होते. भिक्षा मागत फिरणारे पाच जण बाजाराच्या दिवशी तिथे होते. नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातले. जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना मारून टाकलं. त्यांचा गुन्हा एवढाच, की परके आणि भटके दिसत होते.

वॉचमन बदलणं आणि हे एकच, असं माझं म्हणणं नाही. पण मेसेजचा साचा तोच आहे, "हे लोक असेच."

---

रोमातला_राजा (सकाळी १०:०५)

वातावरण जड झालंय, तरी एक गणित मांडतोच. सोसायट्यांच्या फंडात अफरातफर करणाऱ्यांत सेक्रेटरी आणि खजिनदारांचं प्रमाण किती? जवळजवळ शंभर टक्के. वॉचमन तर चेकवर सहीच करत नाही. मधुमालती, सात हातांपैकी किती जणांची पडताळणी झाली आहे?

---

मधुमालती (सोमवार, रात्री ९:३०)

उशीर झाला, क्षमस्व. मीटिंग होईपर्यंत काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचलाय. अनामवीर, तुमचा किती वेळा वाचला ते सांगत नाही.

मंगळवारी रात्रीच मी मिनिट्स बघितल्या. जात लिहिलेली नाही, 'सुरक्षेच्या कारणास्तव' लिहिलंय. पण ग्रुपवरचा मेसेज तसाच होता. काळाकोट, तुमचा प्रतिसाद अध्यक्षांना वाचून दाखवला. त्या काकांनी मेसेज डिलीट केला, माफी वगैरे काही नाही. काल ठराव मागे घेतला, पाच विरुद्ध दोन. पाचांतले किती पटून आले आणि किती कलमाला घाबरून आले, ते मी विचारलं नाही.

शनिवारी रात्री मी स्वतः गेटवर गेले होते. त्याला सगळं आधीच माहीत होतं. म्हणाला, "ताई, फोन मी आता रस्त्याच्या पलीकडे जाऊन करतो." मी म्हटलं, इथेच करत जा. मान हलवली, पण पलीकडेच जातो. आजही गेला. चोर सापडलेला नाही. जिन्यातला कॅमेरा दुरुस्त झाला, चोवीसशे रुपये लागले.

आता नवा घोळ. माघारीच्या बदल्यात दोन विरोधकांसाठी तडजोड म्हणून एक नियम झाला, वॉचमन, सफाईवाले, घरकामाच्या बायका, सगळ्यांच्या पिशव्या बाहेर जाताना तपासायच्या. येऊरची_वाट आणि अनामवीर डोक्यात होते, म्हणून मी म्हटलं, तपासायच्याच तर गेटमधून जाणाऱ्या प्रत्येकाच्या तपासू, रहिवाशांच्या पण, माझ्यापासून सुरुवात करा. रीतसर सूचना मांडली.

अनुमोदक मिळाला नाही.

---

कोपरीकाकू (रात्री ९:४१)

पुढच्या मीटिंगला येऊ का गं मी? कोपरीहून तुमच्याकडे कुठली बस येते?

---

रोमातला_राजा (रात्री ९:४४)

काकू, आधी ठरवा, पिशवी घेऊन जाणार की न घेता?